वजन उतरवणारे इंजेक्शन तालुक्यात आले. सोबतचा आहार-व्यायाम कोण आणणार?

अहिल्यानगर : तालुक्याच्या गावातल्या मेडिकलवर आजवर बीपीची गोळी, शुगरची गोळी मागितली जायची. आता त्याच काउंटरवर वेगळी विचारणा होऊ लागली आहे. "ते वजनाचं इंजेक्शन आलंय का? केवढ्याला बसतं?" पुण्या-मुंबईला राहणारा मेहुणा दहा-बारा किलो उतरवून यात्रेला गावी येतो, पारावर चर्चा होते आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी मोबाइलवर औषधाचे नाव घेऊन मेडिकलवर उभा राहतो.

विचारण्यात वावगे काही नाही. लठ्ठपणा हा आजार आहे आणि त्यावर औषध निघाले असेल तर ते शहरवाल्यांनीच का घ्यावे? पण या औषधाबरोबर आहार आणि व्यायामाची एक अट जोडलेली आहे. इंजेक्शन कुरिअरने तालुक्याला येते, ती अट मात्र येताना वाटेतच गळून पडते.

औषध नेमके करते काय?

सध्या दोन नावे जास्त ऐकू येतात, सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड. जेवल्यानंतर आपल्या आतड्यातून काही संप्रेरके निघतात. पोट भरले, आता थांब, असा निरोप ती मेंदूला देतात. ही औषधे त्या संप्रेरकांसारखेच काम करतात. भूक कमी लागते, पोट हळू रिकामे होते, थोड्या जेवणात समाधान होते. मुळात ही मधुमेहाची औषधे. वजन उतरते हे दिसल्यावर त्या कामासाठीही त्यांना मान्यता मिळाली.

टिर्झेपटाइड मार्च 2025 मध्ये 'मौंजारो' नावाने भारतात आले. तेव्हा 2.5 मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत 3,500 रुपये आणि 5 मिलिग्रॅमची 4,375 रुपये होती. आठवड्याला एक इंजेक्शन, म्हणजे सुरुवातीचाच महिना 14,000 रुपयांना आणि पुढचा डोस महिन्याला 17,500 रुपयांना. कांद्याला हजार रुपये क्विंटल भाव धरला तर सुरुवातीच्या डोसाला महिन्याला चौदा क्विंटल कांदा. जून 2025 मध्ये सेमाग्लुटाइड 'वेगोव्ही' नावाने आले, तेही सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरच होते.

आता चित्र बदलते आहे. सेमाग्लुटाइडच्या भारतातल्या पेटंटची मुदत मार्च 2026 मध्ये संपली. देशी कंपन्यांना ते बनवायची वाट मोकळी झाली आणि स्पर्धा आली की भाव खाली येतो, हे शेतकऱ्याला शिकवायला नको. आज जे बागायतदाराला आणि नोकरदाराला परवडते, ते उद्या दूधवाल्यालाही परवडू शकेल. म्हणूनच पुढचा हिशेब आत्ताच मांडायला हवा.

15 टक्क्यांच्या आकड्यामागे काय होते?

"पंधरा टक्के वजन उतरतं" असे लोक सांगतात. हा आकडा खरा आहे. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत 1,961 लोक होते. 68 आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी 14.9 टक्के उतरले. टिर्झेपटाइडच्या 2022 च्या चाचणीत 2,539 लोक होते. तिथे 72 आठवड्यांत डोसाप्रमाणे 15 ते जवळपास 21 टक्के वजन उतरले.

पण सेमाग्लुटाइडच्या त्या चाचणीत कुणालाही नुसते इंजेक्शन दिलेले नव्हते. प्रत्येकाला रोजच्या गरजेपेक्षा 500 कॅलरी कमी असा आहार आखून दिला होता. आठवड्याला 150 मिनिटे चालणे-फिरणे सांगितले होते. दर चार आठवड्यांनी सल्लागार बसवून विचारपूस होत होती. 14.9 हा आकडा या सगळ्याचा मिळून आहे.

दुसरी बाजूही तितकीच प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्याच चाचणीत ज्यांना खोटे इंजेक्शन आणि तोच आहार-व्यायामाचा सल्ला मिळाला, त्यांचे वजन सरासरी 2.4 टक्केच उतरले. म्हणजे "खाणं कमी कर, चालायला लाग" असे नुसते सांगून फार होत नाही. जाड माणसाला आळशी, खादाड म्हणून हिणवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. औषधाचा जोर मोठा आहे, यात शंका नाही. ते बंद केल्यावर आणि शरीरातून नेमके काय उतरते हे पाहिल्यावर मात्र आहार-व्यायामाची किंमत कळते.

बंद केल्यावर काय होते?

त्याच चाचणीतल्या काही लोकांवर पुढे वर्षभर लक्ष ठेवले गेले. औषधही बंद आणि सल्लाही बंद. त्यांचे वजन आधी 17.3 टक्के उतरले होते. वर्षभरात त्यातले 11.6 टक्के परत आले. सोप्या भाषेत, शंभर किलोचा माणूस 83 वर आला आणि वर्षात पुन्हा 94 च्या पुढे गेला. कमावलेल्यातले दोन तृतीयांश गेले.

आपल्याकडे धोका इथेच आहे. औषध पैशावर चालते आणि गावात पैसा हंगामावर येतो. उसाचे बिल आले की चार महिने इंजेक्शन, कांदा पडला की बंद. पुन्हा सोयाबीन विकले की सुरू. या औषधाचा डोस दर चार आठवड्यांनी पायरी-पायरीने वाढवायचा असतो. सेमाग्लुटाइडचा पूर्ण डोस गाठायलाच सोळा आठवडे लागतात. जो चार महिन्यांत थांबतो, तो पूर्ण डोसाच्या उंबऱ्यावरून माघारी फिरतो. पैसे गेले आणि वजनही परत आले, अशी गत.

मग टिकवायचे कसे? डेन्मार्कमधल्या एका चाचणीत याचे बरेचसे उत्तर मिळते. 195 लठ्ठ लोकांना आधी आठ आठवडे कडक आहारावर ठेवले, त्यांचे वजन सरासरी 13.1 किलो उतरले. मग चार गट केले. एकाला नुसता व्यायाम, एकाला लिराग्लुटाइड हे याच कुळातले औषध, एकाला दोन्ही आणि एकाला काहीच नाही. वर्षानंतर काहीच न मिळालेल्या गटाचे निम्म्याच्या आसपास वजन परत आले होते. दोन्ही करणाऱ्यांचे वजन आणखी उतरले होते आणि अंगातल्या चरबीचे प्रमाण एकेकटा उपाय करणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट घटले होते. पुढे सगळेच थांबवून आणखी एक वर्ष पाहिले. नुसत्या औषधवाल्यांचे वजन जास्त परत आले. ज्यांना व्यायामाची सवय लागली होती, त्यांनी कमावलेले जास्त राखले.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2025 मध्ये या औषधांबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांचाही सूर हाच आहे. प्रौढांना ही औषधे दीर्घकाळ देता येतील, मात्र सकस आहार आणि हालचाल यांची नीट आखलेली साथ हवी. गरोदर महिलांना ती देऊ नयेत.

कष्टकरी गावात पोट आले कुठून?

"शेतकरी आणि लठ्ठ?" असे शहरातला माणूस विचारतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 23.4 टक्के महिला आणि 24.7 टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले. यात शहरांचा वाटा मोठा आहे हे खरे. पण देशभराच्या ग्रामीण भागातही हे प्रमाण वीस टक्क्यांच्या जवळ पोचले आहे. पाचात एक.

जिल्ह्यातच दोन चित्रे दिसतात. राहुरी, श्रीरामपूर, कोपरगावचा पाटाखालचा भाग घ्या. नांगरट, रोटा, पेरणी ट्रॅक्टरने. खुरपणीच्या जागी तणनाशक. मोटार मोबाइलवरून चालू-बंद होते, रात्रीचे दारे धरणे ठिबकने कमी केले. वस्तीवरून गावात यायचे तर गाडीला किक. मालक बांधावर गाडी उभी करून बघतो, वाकायचे काम रोजंदारीवरच्या बाया करतात. दुसरीकडे पाथर्डी-शेवगावच्या कोरडवाहू भागातून ऊसतोडीला जाणारी जोडपी. त्यांच्या अंगावर चरबी शोधून सापडायची नाही. वजनाच्या औषधाची चर्चा करताना ही माणसे डोळ्याआड होऊ नयेत.

हालचाल घटली, पण ताट तेवढेच राहिले. किंबहुना बदलले. बाजरी-ज्वारीची भाकरी मागे पडून गव्हाची चपाती आणि रेशनचा तांदूळ पुढे आला. भारतीयांच्या रोजच्या उष्मांकातला जवळपास 62 टक्के भाग पिठूळ आणि गोड पदार्थांतून येतो, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मधुमेह पाहणीतून 2025 मध्ये पुढे आले. त्यात आपला चहा. कपात दोन चमचे साखर आणि दिवसात सहा कप, म्हणजे दोनशेच्या वर कॅलरी. बाजारच्या दिवशीच्या एका वडापावच्या अडीचशे-तीनशे. चाचणीतल्या लोकांना ज्या 500 कॅलरी कमी करायला सांगितल्या, त्या आपल्याकडे इथेच सापडतात. त्यासाठी कुठल्याही पावडरचा डबा विकत घ्यावा लागत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याच मातीतली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर महिला आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी 2.7 किलो होते, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. आपली बाळे हलकी, स्नायू कमी, पण चरबी मात्र तेवढी कमी नव्हती. वरून बारीक, आतून चरबी. म्हणूनच आपल्याकडे वजनापेक्षा पोटाचा घेर महत्त्वाचा. पुरुषाचा घेर 90 सेंटिमीटरच्या आणि बाईचा 80 सेंटिमीटरच्या पुढे गेला की सावध व्हायचे. शिंप्याच्या टेपने घरी मोजता येते.

उतरते ते सगळेच चरबी नसते

वजन झपाट्याने उतरते तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात. सेमाग्लुटाइडच्या चाचणीतल्या काही लोकांची अंगातली चरबी-स्नायूंची मोजणी केली, तेव्हा उतरलेल्या वजनात साधारण 40 टक्के भाग चरबीचा नव्हता. टिर्झेपटाइडमध्ये तो पाव हिस्सा होता. जो समाज मुळातच स्नायूंनी कमी, त्याने हे हलक्यात घेऊ नये. पन्नाशीच्या शेतकऱ्याची मांडी गेली, खांदा गेला, तर गोणी कोण उचलणार? पुढे औषध बंद होऊन वजन परत आले तर ते मुख्यतः चरबीच्या रूपात येण्याची भीती असते.

म्हणून या औषधावर असताना कमी खायचे, पण प्रथिने कमी करायची नाहीत. आपल्या देशाच्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या दर किलोला 0.83 ग्रॅम प्रथिने रोज लागतात. 80 किलोच्या माणसाला साधारण 66 ग्रॅम. भूक मेलेली असताना एवढे पोटात घालणे सोपे नाही. चपात्या चारच्या दोन झाल्या तरी चालतील, पण वाटीभर मटकी-हुलग्याची उसळ, पिठलं, दही, दोन अंडी, मूठभर शेंगदाणे हे ताटात आधी आले पाहिजे. आपल्या बहुतेक घरांत उलटे होते. भाकरी मोठी आणि कालवण तोंडी लावण्यापुरते.

व्यायामातही नुसते चालणे पुरत नाही. आठवड्यातून दोन दिवस जोर लावायचे काम हवे. उठाबशा, जोर, पाण्याची भरलेली कॅन उचलणे. पूर्वी तालमीत हेच चालायचे. बऱ्याच गावांत तालीम अजून उभी आहे, आत जाणारे तेवढे कमी झालेत.

बायांचा प्रश्न वेगळा

त्याच राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के महिलांच्या अंगात रक्त कमी होते. जादा वजनाच्या महिला 23.4 टक्के. म्हणजे वजन जास्त आणि रक्त कमी, असे एकाच बाईत असू शकते. ती घरात सगळ्यांच्या शेवटी जेवते, उसळ संपलेली असते, उरतो भात आणि चपाती. अशा बाईला भूक मारणारे औषध दिले आणि ताट तेच ठेवले तर अशक्तपणा वाढणार. तिला इंजेक्शनआधी रक्त तपासून घेण्याची गरज आहे आणि घरच्यांनी तिचे ताट आधी वाढण्याची.

मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावे लागते, हेही सांगणारे कुणी हवे. आणि "चालायला जा" म्हणताना बाईने कुठे चालायचे? वस्तीच्या रस्त्याला दिवा नाही, उसातून बिबट्याची भीती. जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्यात ही भीती बोलण्यापुरती नाही. शाळेच्या मैदानावर संध्याकाळी तासभर लाइट लावली तरी दहा-बारा जणी एकत्र चालू शकतील.

मेडिकलवरून परस्पर नको

ही औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. साधारणपणे बॉडी मास इंडेक्स 30 च्या वर, किंवा 27 च्या वर आणि सोबत शुगर, बीपीसारखा आजार असेल तरच वजनासाठी ती दिली जातात. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाचे वजन 82 च्या आसपास असेल तर इंडेक्स 30 येतो, साडेत्र्याहत्तर असेल तर 27. लग्नाआधी चार-पाच किलो उतरवायला हे औषध नाही.

मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठता हे नेहमीचे त्रास. पित्ताशयातले खडे, स्वादुपिंडाला सूज हे कमी वेळा, पण गंभीर. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग झालेला असेल तर ते घेऊच नये. शुगरसाठी आधीच इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी चालू असेल तर साखर एकदम खाली येऊ शकते. ही गोळी गावोगावी अनेक जण घेतात, त्यामुळे डॉक्टरला सांगितल्याशिवाय सुई टोचून घेणे धोक्याचे. एप्रिल-मेच्या उन्हात रानात काम, त्यात उलट्या-जुलाब आणि पाणी कमी प्यायले तर मूत्रपिंडावर ताण येतो.

औषध टिकवायचाही प्रश्न आहे. न वापरलेले पेन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायचे, गोठू द्यायचे नाही. काही दिवस बाहेर चालते, पण 30 अंशांच्या आत. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 40 च्या घरात आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही. तालुक्यावरून आणताना डिकीत टाकलेले इंजेक्शन घरी येईपर्यंत निकामी होऊ शकते. बनावट मालाचाही धोका आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जून 2024 मध्ये बनावट सेमाग्लुटाइडबद्दल इशारा दिला होता. पक्के बिल आणि बॅच नंबर पाहिल्याशिवाय घेऊ नये. आणि "पंधरा दिवसांत दहा किलो" छापाच्या भिंतीवरच्या जाहिराती? लठ्ठपणा बरा करतो अशी जाहिरात करण्यास 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे. पी हळद, हो गोरी असा बाजार तेवढ्यानेही थांबलेला नाही.

यंत्रणा आहे, काम द्यायला हवे

चाचणीतल्या माणसाला दर महिन्याला विचारणारे कुणीतरी होते. गावच्या माणसाला कोण विचारणार? खत टाकले आणि पाणीच सोडले नाही, तर पीक जळते. इथे इंजेक्शन हे खत धरले, तर आहार, व्यायाम आणि दर महिन्याची विचारपूस हे पाणी आहे.

त्यासाठी नवे खाते उघडायची गरज नाही. उपकेंद्रांची आयुष्मान आरोग्य मंदिरे झाली आहेत. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी आहेत आणि तिशीपुढच्या लोकांची बीपी-शुगर तपासणी हे त्यांचे ठरलेले काम आहे. आशाताई घरोघर जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात कमरेच्या घेराचा रकाना आधीपासून आहे. घेर मोजला जातो, पण तो वाढलेला निघाला तर पुढे काय, तिथे साखळी तुटते. महिन्यातून एक दिवस ठरवून त्या लोकांना बोलवायचे. वजन, घेर, बीपी, रक्त तपासायचे. ताटात काय असते ते विचारायचे. जे खासगी डॉक्टरकडून इंजेक्शन घेतात त्यांनाही त्यात धरायचे. तालुक्यात आहारतज्ज्ञ शोधावा लागतो हे खरे, पण "चहात एक चमचा साखर कमी करा आणि उसळ वाटीभर वाढवा" हे सांगायला आशाताई पुरेशा आहेत. मात्र त्यांच्यावर आधीच कामांचा डोंगर आहे. हे काम द्यायचे तर त्याचा वेगळा मोबदला ठरला पाहिजे. अन्न व औषध प्रशासनाने चिठ्ठीविना विक्री होते का, थंड साखळी पाळली जाते का, हे तालुक्याच्या ठिकाणीही तपासायला हवे.

आणि ज्यांच्या मनात इंजेक्शन घ्यायचे आहे, त्यांनी "केवढ्याला बसतं" याआधी चार प्रश्न डॉक्टरला विचारावेत. मला ते खरेच लागते का? माझ्या चालू गोळ्यांशी जमेल का? किती महिने घ्यावे लागेल आणि तेवढे दिवस मला परवडेल का? ते चालू असताना आणि बंद केल्यावर मी काय खायचे, किती चालायचे? शेवटच्या प्रश्नाला डॉक्टरकडे वेळ नसेल, तर चिठ्ठी घेऊन मेडिकलवर जायची घाई करू नये.